नवारीचा गेम

आमचा गेम खेळून संपवायला दीड-दोन तास पुरतात. तो बनवताना झालेले घोळ सांगायला बसले, तर मात्र तुमचं रात्रीचं जेवण माझ्याकडेच होईल. लोक विचारतात, "गेम कसा केला हो तुम्ही?" आता कोडिंग कसं झालं, चित्रं कशी झाली, हे मला विचाराल तर काही धड आठवत नाही. घोळ मात्र सगळे लख्ख आठवतात. आणि एक सांगितला की त्याच्यामागून दुसरा आठवतो, मग तिसरा. मला थांबवायचं असेल तर आत्ताच थांबवा.

तर आम्ही तिघं. मी विद्या, गोष्ट आणि संवाद लिहिते. सानिका मयेची, चित्रं काढते आणि काढताना सतत बडबडते. रोहिदास पेडण्याचा, तो प्रोग्रामिंग करतो आणि बोलत नाही. म्हणजे आठवड्याला एखादं वाक्य बोलतो, आणि ते बहुतेक वेळा "बंद करून परत चालू कर" एवढंच असतं. डिचोलीच्या बाजारात पावलूबाबच्या बेकरीच्या वर एक खोली आहे, ते आमचं ऑफिस. खालून भट्टीची ऊब, वरून पत्र्याची. माझा नवरा या किश्शांमध्ये नाही. तो सकाळी वाळपईला ऑफिसात जातो, संध्याकाळी येतो आणि चपला काढता काढता विचारतो, "झाला गेम?" म्हणून मी त्याला यातून वगळलंय.

गेमचं नाव 'शेवटची बार्ज'. छोटासा डिटेक्टिव्ह गेम. मारामारी नाही, गाड्या उडत नाहीत. आमोण्याच्या धक्क्यावरून खाणीचा माल नेणाऱ्या एका बार्जचा तांडेल, म्हणजे कप्तान, नाहीसा होतो. त्याची बायको खिडकीत दिवा ठेवून वाट बघत असते. आमचा डिटेक्टिव्ह यशवंत लोकांना भेटतो, प्रश्न विचारतो, पुरावे जोडतो. कोणाला काय विचारायचं ते तुम्ही ठरवायचं. सगळं काळं-पांढरं, धो धो पाऊस, दिव्याखाली लांब लांब सावल्या. या प्रकाराला न्वार म्हणतात.

इथूनच घोळ सुरू झाला.

*

घरी जेवताना मी तात्यांना सांगितलं, की आम्ही न्वार गेम करतोय. तात्या म्हणजे माझे सासरे. सगळा वाडा, म्हणजे आमची सगळी वस्ती, त्यांना तात्या म्हणतो, म्हणून मीही म्हणते.

तात्या हुमण, म्हणजे माशांची आमटी, आणि भात कालवत होते. हात थांबवून म्हणाले, "नवार? खाटेची?"

"नवार नव्हे तात्या. न्वार."

"तेंच म्हणतंय मी. खाटेक बांधतत ती. तिचो कसलो गेम?"

मग मी त्यांना नीट समजावून सांगितलं. रात्र असते, पाऊस असतो, माणूस एकटा असतो. सगळे त्याच्याशी खोटं बोलतात. तो थकलेला असतो, पण त्याला चैन पडत नाही. मी बरंच बोलले. माझं हुमण गार झालं.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे खाट असा, पण झोप नाय."

न्वार म्हणजे काय यावर मी इंटरनेटवर पुष्कळ वाचलंय. याच्यापेक्षा चांगली व्याख्या मला कुठे मिळाली नाही. तेव्हापासून आमच्या ऑफिसात हा नवारीचाच गेम झाला. गोष्ट कुठे रेंगाळली की सानिका म्हणते, "विद्याताई, नवार सैल पडली गो इथे."

*

बाजारात मात्र न्वारची अडचण नव्हती, अडचण होती 'गेम' या शब्दाची. गोव्यात तीन माणसं दार लावून खोलीत बसतात आणि गेम करतात म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं?

पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ जिना चढून वर आले. स्वच्छ शर्ट, कपाळाला गंध. खुर्चीवर बसले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "आज कोणचो आकडो येतलो?"

मी म्हटलं, "काका, इथे मटका नाही. इथे डिटेक्टिव्ह गेम करतात."

ते उठून गेले. आम्हाला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी परत आले, या वेळी सोबत एक मित्र घेऊन. मित्राला सानिकाच्या स्क्रीनवरचा डिटेक्टिव्ह दाखवला आणि म्हणाले, "बघ. पोलीस येतलो तर आधी समजूक ह्यांनी माणूस ठेवलो असा."

आम्ही मग दाराबाहेर पाटी लावली: 'येथे आकडा मिळत नाही.' त्यानंतर गर्दी वाढली. लोकांना खात्रीच पटली, की इथे मिळतो.

*

आता डिटेक्टिव्हचं रूप. सानिकाने सुरुवातीला त्याला विलायती पद्धतीचा लांब लोकरी कोट चढवला, कॉलर वर केलेली, डोक्यावर हॅट. दिसायचा रुबाबदार. सानिकाची आई मयेहून तिला डबा द्यायला आली होती, तिने स्क्रीनकडे बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "ह्याका घामोळं येना?"

सानिका चिडली. "आई, ही स्टाईल असते."

"असूं दी. पण डिचोलीत फिरतलो मा तो?"

झालं. एकदा ते घामोळं डोक्यात शिरल्यावर आम्हाला त्या कोटाकडे बघवेना. बघितलं की आपलीच पाठ खाजायची. शेवटी यशवंतला साधा काळा रेनकोट दिला आणि हॅटच्या जागी डोक्यावर त्याचीच टोपी. सानिकाने दोन दिवस तोंड पाडून काम केलं आणि मग स्वतःच म्हणाली, की हाच बरा दिसतो.

त्या माउलीचं दुसरं वाक्य मात्र आम्ही जपून ठेवलंय. डिचोलीत आमचा सगळा जन्म खाणीच्या ट्रकांच्या लाल धुळीत गेला. झाडं लाल, पत्रे लाल, दोरीवर वाळणारं पांढरं धोतर लाल. आणि आमचा गेम काळा-पांढरा. तिने बाजाराचं चित्र बराच वेळ बघितलं. आम्हाला वाटलं, भीती वाटत असेल, वातावरण गूढ आहे वगैरे.

ती म्हणाली, "किती निवळ दिसता गो आमची डिचोली."

*

त्यानंतर आम्ही तिलाच पहिली टेस्टर केली. टेस्टर म्हणजे गेम आधी खेळून चुका सांगणारा माणूस. तिने आयुष्यात कधी गेम खेळला नव्हता, म्हटलं, हिला समजला तर कोणालाही समजेल.

तिने हेडफोन घातले. माऊस कसा धरायचा हे सानिकाने दाखवलं. गेम सुरू झाला. पहिलाच सीन, मध्यरात्र, धक्का, पाऊस, यशवंत एकटा उभा. अजून एकही साक्षीदार भेटलेला नाही. तिने हेडफोन काढले आणि म्हणाली, "पोदेरान मारलो."

पोदेर म्हणजे सायकलवरून पाव विकणारा. आमच्या गोष्टीत पोदेर नव्हताच. आमच्या गोष्टीत खुनी ट्रकांचा एक कंत्राटदार होता, आणि तो शेवटी शेवटी सापडायचा.

"आई, पोदेर कुठे दिसला तुला?"

"दिसलो नाय. ऐकलो. पों पों करून गेलो मा आत्ता. मध्यरातीक खंयचो पोदेर पाव विकता?"

आम्ही तिघींनी रोहिदासकडे बघितलं. रोहिदासने पावसाचा आवाज आमच्या खोलीच्या खिडकीतून रेकॉर्ड केला होता. खाली बेकरी. पावलूबाबचा पोदेर पहाटे भोंगा वाजवत निघाला, तो भोंगा पावसासकट गेममध्ये शिरला. आम्ही इतके दिवस तो ऐकत होतो आणि आम्हाला ऐकूच येत नव्हता, कारण पोदेरचा भोंगा कोणी ऐकतं का? तो रोजचाच.

रोहिदास म्हणाला, "काढतंय."

मी म्हटलं, "थांब. काढू नको."

मग मी गोष्ट अर्धी फाडली आणि परत लिहिली. आता कंत्राटदाराचा माणूस पोदेरचं सोंग घेऊन येतो आणि भलत्या वेळी भोंगा वाजवून फसतो. गोष्टीची नवार एकदम ताठ झाली. प्रश्न राहिला पावलूबाबचा. त्यांच्याच छताखाली बसून त्यांच्याच धंद्यातला खुनी दाखवायचा, म्हणजे विचारायला हवं होतं. मी भीत भीत सगळं सांगितलं.

पावलूबाब विचार करून म्हणाले, "तो खरो पोदेर नाय मा?"

"नाही, नाही. खोटा."

"मग त्याच्या पाटल्यात करपलेलो पाव दाखय. माझो पाव त्याका दिवचो नाय."

दाखवला. गेममध्ये बारकाईने बघा, त्याच्या टोपलीतले सगळे उंडे, म्हणजे गोल पाव, खालून काळे आहेत.

*

आता डिटेक्टिव्हचा आवाज. त्यासाठी आमच्या वाड्यात दामूकाकांशिवाय दुसरं नावच नव्हतं.

दामूकाका आमचे शेजारी. त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एक जास्वंदीची वई, म्हणजे कुंपण, आणि दोन खिडक्या. जत्रेच्या नाटकात दामूकाका जन्मभर हिरो. राजा तेच, सेनापती तेच, दारू सोडणारा नवराही तेच. आणि तात्या जन्मभर प्रॉम्टर. विंगेत स्टुलावर बसून, हातात नाटकाची वही आणि बॅटरी घेऊन, प्रत्येकाचं वाक्य त्याच्याआधी हळू आवाजात सांगायचं. स्टेजवर तात्या कधी आलेच नाहीत.

दामूकाकांनी आयुष्यात एक वाक्य पाठ केलं नाही. पाठांतर हे प्रॉम्टरचं काम, असं त्यांचं स्वच्छ मत. तात्या कुजबुजायचे, दामूकाका गर्जायचे. पावसाचा किंवा मुलांच्या रडण्याचा आवाज मध्ये आला आणि वाक्य पोचलं नाही, की दामूकाका मिशीवर ताव देत विंगेपर्यंत चालत यायचे आणि म्हणायचे, "मोठ्यान सांग मरे, ऐकूक येना!" हे अख्ख्या मंडपाला ऐकू जायचं. लोक त्याची वाट बघायचे. एकदा तर राजा मरून पडला होता, राणी रडत होती, आणि राजाला मरता मरता एक शेवटचं वाक्य होतं. मेलेला राजा कोपरावर उठला, विंगेकडे वळला आणि म्हणाला, "मोठ्यान सांग मरे!" त्या वर्षी सगळ्यात जास्त टाळ्या त्या वाक्याला पडल्या.

आणि रोज संध्याकाळी दामूकाका आमच्या सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर. दोन खुर्च्या, दोन कप, आणि त्याच त्या नाटकांच्या गोष्टी. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्यात खंड पडलेला बघितला नव्हता.

तर दामूकाका रेकॉर्डिंगला आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले. तात्यांना बरोबर आणलं, कारण वाक्यं कोण सांगणार? आम्ही खोलीला गोधड्या टांगल्या होत्या. यशवंतचं पहिलंच वाक्य असं होतं: "हळू बोला वहिनी. तो अजून आत आहे."

तात्यांनी कुजबुजून सांगितलं. दामूकाकांनी छाती भरून घेतली आणि मंडपाच्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हटलं, "हळू बोला वहिनी! तो अजून आत आहे!"

जिन्यावर धाडधाड आवाज आला. पावलूबाब भट्टीतलं लांब फावडं घेऊन दारात उभे. "कोण आत असा? खंय असा?"

सगळा दिवस असा गेला. दामूकाका खूश होऊन घरी गेले. रोहिदास हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकत बसला, आणि बऱ्याच वेळाने तो त्या आठवड्याचं वाक्य बोलला.

"मागलो आवाज कोणाचो?"

आम्ही ऐकलं. प्रत्येक गर्जनेच्या आधी, खाली, अगदी जवळ, एक आवाज होता. थकलेला, खरखरीत, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून जपून बोललेला. 'हळू बोला वहिनी. तो अजून आत आहे.' माझ्या अंगावर काटा आला. मी लिहिताना मनात जो यशवंत बोलत होता, तो हाच होता. तो आमच्या घरात रोज सकाळी चहा मागत होता आणि मला पत्ता नव्हता.

घरी येऊन मी तात्यांना सांगितलं, की रेकॉर्डिंगमध्ये तुमचा आवाज आलाय.

तात्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "मी ऐकूक आलंय? मग चूक झाली गो. परत घेवया. आनीक हळू सांगतंय."

*

यशवंतचा आवाज द्यायला तात्या तयार होईनात. "दामूक काय सांगू?" एवढंच म्हणायचे. पण एका सकाळी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मी पोळ्या लाटत होते.

"विद्या गो."

"काय तात्या?"

"तो आवाज... खरोच बरो लागता?"

मी म्हटलं, "खरंच." त्या दिवशी त्यांनी दोनदा दाढी केली, हे मला माहीत आहे, कारण दुसऱ्यांदा ब्लेड मागायला माझ्याचकडे आले.

दामूकाकांना कसं सांगायचं, याची आम्ही तिघं जुळवाजुळव करत होतो. कोणते शब्द वापरायचे, आधी काय बोलायचं, सोबत काय न्यायचं. मी त्यांच्या आवडीचं खतखतं, म्हणजे मिश्र भाज्यांचं कालवण, करायचं ठरवलं होतं. आणि इकडे दामूकाका सकाळी पोई, म्हणजे कोंड्याचे पाव, आणायला बेकरीत गेले, तर पावलूबाबनी अभिनंदनाला हात पुढे केला आणि म्हणाले, "परबीं! तात्या तुमचो हिरो झालो मा?"

पावलूबाबला मी त्यानंतर जे बोलले ते इथे सांगत नाही. ते पुढे पुष्कळ दिवस मला वाढीव पाव देत होते.

त्या संध्याकाळी दामूकाका सोप्यावर आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. जास्वंदीपलीकडची खिडकी लागली ती लागलीच. मी खतखतं घेऊन गेले, तर मालतीकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, भांडं घेतलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, की आता नको. आतून दामूकाकांचा आवाज आला, अर्थात शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा, "सांग तिका, हिरो घराक नाय!"

मी तात्यांना म्हटलं, "तुम्हाला नको असेल तर आपण दुसरा आवाज घेऊ. तुमचा दोस्त आधी."

तात्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले होते. म्हणाले, "माका दामू होयो. आणि..." मग जरा थांबून, "माका यशवंत पण होयो गो. इतकी वरसां दुसऱ्यांची वाक्यां सांगलंय. एक तरी माझां होया."

मला रडू आलं. मी म्हटलं, भाजी करपते, आणि आत गेले.

*

तात्यांचं रेकॉर्डिंग हा वेगळाच किस्सा. आवाज उत्तम, उच्चार स्वच्छ. पण अर्धं वाक्य बोलायचे आणि थांबायचे.

"धक्क्यावर त्या रात्री दोन माणसं होती..."

आम्ही वाट बघतोय. तात्याही वाट बघतायत.

मी हळूच म्हटलं, "तात्या, पुढचं?"

"पुढलां तो बोलतलो मा."

"कोण?"

"हिरो."

"तात्या, हिरो तुम्हीच आहात."

"हां, हां," म्हणाले, आणि लाजून हसले. पुढच्या वाक्याला परत तेच. जन्मभराची सवय. पहिले शब्द द्यायचे, मग नट ते उचलेपर्यंत श्वास धरून थांबायचं. आम्ही शेवटी नाद सोडला आणि तसंच सगळं घेतलं. म्हटलं, मधले गॅप रोहिदास कापेल.

न कापलेली थोडी फाइल छोटे गेम लोकांपर्यंत पोचवणाऱ्या बेंगळुरूच्या एका कंपनीला पाठवली होती. त्या कंपनीकडून फोन आला तो व्हिडिओवर, समोर एक दाढीवाला तरुण, नशिबाने मराठी समजणारा. आम्ही खोलीत शर्ट-साड्या नीट करून बसलो, तात्यांना मध्ये बसवलं.

तो तरुण म्हणाला, "गेम छान आहे, पण मला आधी या आर्टिस्टबद्दल विचारायचंय. काय पॉज घेतात हे! प्रत्येक वाक्यात वाटतं, हा माणूस काहीतरी लपवतोय. हे कुठे शिकलात सर?"

तात्या गंभीरपणे म्हणाले, "दामू वाक्य विसरतालो, तेव्हा."

त्या तरुणाने ते लिहून घेतलं. त्याला वाटलं, दामू हे कुठल्या तरी पद्धतीचं नाव आहे.

*

शेवटचा सीन तात्यांना जमत नव्हता. यशवंतने खरा खुनी पकडलेला असतो, पण तांडेल काही परत येणार नसतो. त्याची बायको विचारते, आता दिवा कोणासाठी ठेवू? यशवंतचं उत्तर असं: "दिवा ठेवा वहिनी. या वाटेनं दुसरं कोणी आलं नाही, तरी मी येईन."

साधं वाक्य. तात्या 'तरी'पाशी थांबायचे आणि पुढे आवाजच फुटायचा नाही. मी म्हटलं, "सोप्यावर बसून सराव करा. मोकळ्या हवेत." मग रोज संध्याकाळी, दामूकाका यायचे ती वेळ साधून, तात्या आपल्या खुर्चीत बसायचे आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला ते वाक्य सांगायचे. पुन्हा पुन्हा. मला ऐकवायचं नाही. पलीकडची खिडकी बंद असायची.

एकदा मालतीकाकू वईपाशी भेटल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे हल्ली सांजेचो टीव्ही बंद. ह्यांका डोकेदुखी सुरू झाली. बाकी दिवसभर बरे असतत, नेमकी तेव्हाच दुखता."

मी डोक्याला लावायला बाम दिला. काकूंनी घेतला आणि त्या का हसल्या ते मला तेव्हा समजलं नाही.

अखेर वाक्य झालं. तात्यांनी 'तरी'नंतर खूप मोठा पॉज घेतला, पण म्हटलं.

*

गेम पुरा झाला तेव्हा देवस्थानाच्या कमिटीने सांगितलं, की गावच्या पोरांनी काय केलं ते गावाला दाखवा. देवळाच्या सभामंडपात, दिवेलागणीला, जिथे नाटकं होतात तिथेच. पडदा लावला. सगळा वाडा आला, मयेहून सानिकाची आई आली, पावलूबाब दुकान लवकर बंद करून पहिल्या रांगेत. माझा नवराही आला आणि म्हणाला, "झाला म्हणजे." तात्या खुर्चीत बसायला तयार नव्हते. आपलं जुनं स्टूल घेऊन विंगेत, आपल्या जागेवर जाऊन बसले.

दामूकाकांना यावंच लागलं. आमच्याकडे कोणतंही काम देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही, आणि गाऱ्हाणं वर्षानुवर्षं दामूकाकाच घालतात. ते उभे राहिले, हात जोडले, आणि मंडप दणाणून सोडला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या पोरांनी जो काय गेम केलो असा, त्याका यश दी रे म्हाराजा!"

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

"लाइट घालवू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कॉम्प्युटर बंद पडूक दिव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माझं नाव घेतलं, सानिकाचं घेतलं, रोहिदासचं घेतलं, भट्टीवरच्या खोलीचंसुद्धा घेतलं. तात्यांचं घेतलं नाही. मी विंगेकडे बघितलं. तात्या मान खाली घालून स्टुलावर बसले होते. दामूकाका पहिल्या रांगेत पावलूबाबच्या शेजारी हाताची घडी घालून बसले.

गेम सुरू झाला. रोहिदास खेळत होता आणि गाव त्याला ओरडून सांगत होतं, "त्याका विचार! नाय, त्या म्हातारीक विचार! ती बघ कशी बघता!" करपलेले पाव दिसले तेव्हा पावलूबाबनी मागे वळून सगळ्यांना सांगितलं, की हे त्यांचे नव्हेत. मध्यरात्री भोंगा वाजला आणि सानिकाची आई म्हणाली, "आता समजलां?" आणि या सगळ्यात तात्यांचा आवाज त्या मंडपात फिरत होता. आमच्या नाटकांचा एवढा गोंगाटी मंडप, पण तो आवाज ऐकायला लोक गप्प बसले होते.

शेवटचा सीन आला. पाऊस थांबलेला. खिडकीत दिवा. यशवंत दारात.

"दिवा ठेवा वहिनी. या वाटेनं दुसरं कोणी आलं नाही, तरी..."

लोक थांबले. एव्हाना सगळ्यांना तात्यांचा पॉज माहीत झाला होता. अजून थांबले. अजून. रोहिदासने कीबोर्ड दाबला, परत दाबला. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि मला समजलं. फाइल हलक्या करायला त्याने काहीतरी बसवलं होतं. मोठी शांतता आली, की वाक्य संपलं असं समजून ते पुढचं कापायचं. तात्यांचा तो शेवटचा पॉज कॉम्प्युटरला संपलेलं वाक्य वाटला. लाइट गेली नव्हती, कॉम्प्युटर बंद पडला नव्हता. गाऱ्हाण्यात आवाजाचंच राहून गेलं होतं.

कमिटीचा सेक्रेटरी माइक घेऊन विंगेत धावला. "तात्या, तुमीच सांगा पुढलां. तुमचांच वाक्य मा?"

तात्या उठले. माइक हातात घेतला आणि विंगेतून बाहेर आले. स्टेजवर, दिव्याखाली. मी त्यांना तिथे कधी बघितलं नव्हतं, गावानेही नव्हतं. त्यांनी पडद्यावरच्या दिव्याकडे बघितलं, लोकांकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि थांबले. हा पॉज नव्हता. ज्यांना सगळ्या नाटकांची सगळी वाक्यं येत होती, ते स्वतःचं एकुलतं एक वाक्य विसरले होते. मी आणि सानिकाने एकमेकींचे हात घट्ट धरले. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून कोणीतरी कुजबुजलं. अगदी हळू, नीट प्रॉम्टरसारखं, ओठ न हलवता. पण मी जवळ होते, मला ऐकू आलं. हाताची घडी तशीच ठेवून, समोर बघत, दामूकाका सांगत होते, "मी येईन."

तात्यांनी ऐकलं. त्यांची मान हळूहळू पहिल्या रांगेकडे वळली. चेहरा आधी रडवेला झाला आणि मग तिथे जे काही आलं ते मी याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मिशी नसलेल्या ओठावर ताव दिला, स्टेजच्या कडेपर्यंत चालत आले, माइक तोंडाशी धरला आणि म्हणाले,

"मोठ्यान सांग मरे, ऐकूक येना!"

दामूकाका उठून उभे राहिले. छाती भरून घेतली. आणि मंडपाच्या शेवटच्या रांगेच्याही पलीकडे, आमच्या सोप्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले,

"मी येईन!"